कंकण काढलंच कसं?

बाबांनी आयुष्यात पुष्कळ पत्रांना उत्तरं दिली नव्हती. पण त्यांतलं एकही पत्र भिंतीपलीकडे भाजी चिरत बसलेल्या माणसानं लिहिलेलं नव्हतं. तसलं हे एकच. प्रकाशकाच्या कचेरीतून इतर पत्रांच्या गठ्ठ्यात ते बाबांकडे आलं, आणि आल्या दिवसापासून 'दुधाची मापे : एक विचार' असं नाव घातलेल्या फायलीत दडून बसलं. पत्र असं होतं :

'कुमारी निशिगंधा यांस,

नमस्कार वगैरे काही नाही. तुमच्या 'कंकणवाली' मालिकेचा सहावा भाग आत्ताच संपवला आणि भिंतीवर फेकला. भिंतीचा रंग उडाला आहे. तिनं कंकण काढलंच कसं? त्या कंकणासाठी बिचारी विहिरीत उतरली, भुतांच्या तोंडी लागली, नोकरीवर पाणी सोडलं. आणि आता तो आरशातला राजपुत्र 'प्रिये, मला मुक्त कर' म्हणाला मात्र, लगेच काढून त्याच्या हातात? तीनशे वर्षं मेलेल्या माणसाला आणखी चार दिवस दम धरवत नाही? सगळ्या भागांत मिळून त्यानं एकदा तरी हिला 'दमलीस का' म्हणून विचारलं का? माझ्याही हातात एकच कडं आहे. पहिल्या पगारातून केलेलं. त्याला पोचा आलाय, तरी मी ते काढत नाही. म्हणून ही कंकणवाली मला आपली वाटायची. तुम्ही बाईमाणूस असून असं लिहिलंत, याचा खुलासा करावा. उत्तरासाठी तिकीट जोडलं आहे, पत्ता पाकिटावर आहे.

एक अत्यंत संतापलेली वाचक.'

खाली सही नव्हती. तिची गरजही नव्हती. साखरेच्या डब्यावर, मिठाच्या बरणीवर आणि बाबांच्या गोळ्यांच्या डबीवर 'विसरू नका' म्हणून जे फटकारलेलं अक्षर होतं, तेच हे. पत्र सूनबाईचं होतं.

आता सांगायला हवं, की कुमारी निशिगंधा म्हणजे बाबाच. वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेला, दुकानदारालाही 'तुमची हरकत नसेल तर जरा तराजू बघू का?' असं विचारणारा हा लाजाळू माणूस. बायको गेल्यावर दुपारी घर अंगावर येऊ लागलं म्हणून त्यांनी लिहायला घेतलं. घेतलं होतं खरंच दुधाच्या मापांवर. पण तिसऱ्या पानावर एक मापाडी मेला, चौथ्यावर तो भूत होऊन परत आला, आणि पाचव्यावर एक हातात कंकण घातलेली मुलगी त्याच्याशी बोलू लागली. हातातलं कंकण निघेपर्यंत तिला मेलेली माणसं दिसत, बंद दारं तिच्यासाठी उघडत, आणि तिच्यासमोर कुणाला खोटं बोलता येत नसे. बाबा स्वतःच दचकले. हे आपल्या डोक्यात कुठून आलं, अशी शंका त्यांना आजही येते. प्रकाशकाला मात्र कसलीच शंका आली नाही. त्यानं मापाड्याचा राजपुत्र केला, बाबांची कुमारी केली, आणि पुस्तक बाजारात आणलं. घरात सगळे समजत, बाबा मापांचा ग्रंथ लिहितायत. सूनबाई त्या फायलीवरची धूळसुद्धा हलक्या हातानं पुसायची.

आणि तीच सूनबाई कंकणवालीची पहिल्या भागापासूनची वाचक निघाली, याला काय म्हणावं? दातांच्या दवाखान्यात ती मदतनीस होती. दिवसभर लोकांचे उघडे जबडे पाहून घरी आली की ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून वाचायची आणि वाचता वाचता बाबांशी बोलायची.

"बाबा, ऐकलंत का, त्या बयेनं काय केलंय ते?"

"कुठल्या... बयेनं?"

"त्या निशिगंधेनं हो! मी पत्र टाकून कितीतरी दिवस झाले, उत्तर देईल तर शपथ. माझं तिकीट मात्र गिळून बसली."

"कामात असेल बिचारी."

"बिचारी? समोर आली ना बाबा, तर एकही दात जागेवर राहणार नाही. आणि दात कसे काढतात ते मी रोज बघते."

बाबांनी नकळत जीभ दातांवरून फिरवली आणि चहाचा कप घेऊन आपल्या खोलीत गेले.

उत्तर काय द्यायचं? कंकण काढायचं बाबांच्या मनात कधीच नव्हतं. प्रकाशक म्हणाला, "लोक कंटाळले, आता लग्न लावा." बाबा म्हणाले, "पण तो मेलेला आहे." प्रकाशक म्हणाला, "मग जिवंत करा. कंकण कशाला दिलंय?" यावर बाबा म्हणाले, "बरं." आयुष्यभर त्यांनी सगळ्यांना हेच सांगितलं होतं. तेव्हा सूनबाईच्या प्रत्येक ओळीशी ते मनातून सहमत होते. पण स्वतःच्या हातानं लिहावं तर ती अक्षर ओळखणार. मग मालिकेतलं ते धबधब्यामागचं चावट प्रकरणही आपणच लिहिलं हे तिला कळणार. त्यापेक्षा आपण मेलेलं बरं, असं त्यांना वाटे. म्हणून पत्र फायलीत राहिलं.

तिथेच ते राहिलंही असतं. पण मधे मुलाचं मशीन आलं.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता. जगाला वर-खाली करता करता आपण आहे त्याच मजल्यावर राहिलो, हे त्याला फार सलायचं. त्यासाठी त्याचे उद्योग चालत. पलंगाखाली मशरूम लावून झाले. ते सोडून इतर सगळं तिथे उगवलं. रंगीत मासे पाळून झाले. मोठ्या माशानं धाकटे गिळले आणि मग एकटेपणानं तोही गेला. आता तो हातपाय न धुताच स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला,

"कपांवर फोटो छापायचं मशीन मिळतंय. जुनं आहे, पण एकदम चांगलं."

"चांगलं आहे तर तो विकतोय कशाला?" सूनबाईनं विचारलं.

"त्याला घरी जागा नाही."

"आपल्याकडे आहे?"

"मशरूमची जागा रिकामी झालीय की. फक्त... थोडे कमी पडतायत. तुझं ते कडं..."

चिरणारी सुरी थांबली.

"माझं कडं काय?"

"आज मोडू, वर्षभरात त्याची जोडी करून देतो. देवाशप्पथ!"

"मासेसुद्धा तू जोडीनंच आणले होतेस. हे बघ, हे कडं मनगटासकट जाईल. एकटं जाणार नाही."

तिथे विषय संपायला हवा होता. पण ज्या माणसानं औषधाच्या बाटलीवरचा कागदही कधी वाचला नव्हता, त्यानं दुसऱ्या दिवशी भिंतीवर आपटून खिळखिळा झालेला सहावा भाग उचलला आणि नेमकं शेवटचं प्रकरण वाचलं. संध्याकाळी पुस्तकात बोट घालूनच तो जेवायला बसला.

"तुझी लाडकी कंकणवाली," तो म्हणाला, "तिनं काय केलं गं शेवटी?"

"तिचं नाव काढू नकोस."

"का? ऐक ना. 'तिने ते कंकण उतरवले, आणि तिच्या चेहऱ्यावर त्यागाचे तेज पसरले.' तेज! बघ. लिहिणारी बाई आहे. बाईला बाईचं मन कळतं. काय हो बाबा?"

बाबांच्या घशात घास अडकला. 'त्यागाचे तेज' हे प्रकाशकानं घुसडलेलं होतं. पण ते सांगणार कुणाला? ते नुसते खोकत राहिले.

सूनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ती बया मूर्ख आहे म्हणून मी पण मूर्ख व्हायचं? मी तिला खडसावून पत्र लिहिलंय. येऊ दे तिचं उत्तर. ती स्वतः तोंडानं म्हणाली ना, की 'हो, काढलं तेच बरोबर,' तर हे कडं त्या क्षणी काढून तुझ्या ताटात टाकते. पण ती तसं म्हणणार नाही! कुठलीही शहाणी बाई म्हणणार नाही!"

"शब्द दिलास हं. बाबा साक्षीला आहेत."

"दिला!"

"आणि उत्तर आलंच नाही तर? मौन म्हणजे संमती. मशीनवाला रविवारपर्यंतच थांबणार आहे."

"चालेल! रविवारपर्यंत!"

रागाच्या भरात माणूस काय बोलून जाईल याचा नेम नसतो. बाबांच्या घशातला घास एकदाचा खाली उतरला, आणि त्याबरोबर सगळा प्रकार त्यांच्या ध्यानात आला. सूनबाईचं कडं आता आपल्या उत्तरावर लटकतंय. ते कडं भांड्यावर वाजलं की घरात कुणीतरी आहे असं त्यांना वाटायचं. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत तर त्या आवाजावरच ते जेवायला उठायचे. ते कडं आता मोडीत जाणार, आणि पलंगाखाली कप येणार.

दुसऱ्या दिवशी बाबा बसनं प्रकाशकाकडे गेले. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून तिथल्या संगणकावर उत्तर टाइप करायचं, असा त्यांचा बेत होता. कचेरी छापखान्याच्या तळघरात होती. वर यंत्र धडधडत होतं आणि खाली प्रकाशक खुशीत होता.

"या, कुमारी, या! अहो, काय काम केलंत! पोतंभर पत्रं आलीयत. बायका नुसत्या पेटल्यायत. संताप म्हणजे खप!"

"मला एका पत्राला उत्तर द्यायचं होतं. तुमची हरकत नसेल तर."

"एकाला? मी सगळ्यांना पाठवून दिलंसुद्धा. पत्ते पोऱ्यानं आधीच उतरवून ठेवले होते. वाट बघून बघून मीच छापून घेतलं." त्यानं एक गुलाबी कागद पुढे केला.

बाबांनी वाचलं : 'प्रिय वाचक भगिनी, प्रेमात सर्वस्व अर्पण करणे हेच स्त्रीचे खरे कंकण होय. माझ्या नायिकेने केले तेच योग्य. आपणही करून पाहा. सोबत जादूचे कंकण भेट. तुमचीच, कुमारी निशिगंधा.' खाली गोल शिक्का.

"पण हे मी म्हटलेलं नाही," बाबा म्हणाले.

"तुम्ही काहीच म्हणत नाही, म्हणून तर मला म्हणावं लागतं!"

"हे... हे बरोबर नाही."

त्यांच्या आयुष्यातला हा पहिला निषेध. पण नेमकं त्याच क्षणी वरचं यंत्र जोरात धडधडलं आणि तो कुणाला ऐकूच आला नाही. प्रकाशकाला वाटलं, ते नेहमीप्रमाणे 'बरं' म्हणाले. त्यानं पाठीवर थाप मारली आणि सातवा भाग कधी देताय म्हणून विचारलं.

बाबा धावतपळत घरी पोचले, तोवर टपाल येऊन गेलं होतं.

सूनबाई आणि मुलगा नुकतेच कामावरून आले होते. मुलगा गुलाबी कागद हातात धरून, एखाद्या शाळकरी पोरानं वक्तृत्वस्पर्धेत म्हणावं तसा वाचत होता. "'आपणही करून पाहा!' आपणही! म्हणजे तूही! स्पष्ट लिहिलंय. आणि हे बघ, तुला बदली कंकणसुद्धा पाठवलंय!"

ते पत्र्याचं होतं. त्यावर चमकी लावली होती, आणि ती आत्ताच मुलाच्या बोटांना लागली होती.

"त्यावर गरम पातेलं ठेवता येईल," सूनबाई म्हणाली. तिचा आवाज फार शांत होता, म्हणून बाबा जास्तच घाबरले. "ठीक आहे. मी शब्द दिला होता. एका बाईवर विश्वास ठेवून दिला होता, ही माझी चूक. घे. काढ."

तिनं हात पुढे केला.

कडं निघेना.

मुलानं आधी हलकेच ओढलं, मग जोरात. साबण लावून झालं. तेल लावून झालं. बर्फाच्या पाण्यात हात बुडवून झाला. लिफ्टच्या कामाचा अनुभव म्हणून त्यानं मनगटाला दोरा गुंडाळून पाहिला, तर कडं आणि दोरा दोन्ही अडकले. शेवटी ओट्याला पाय लावून तो ओढू लागला. सूनबाई दातओठ खात होती, पण तोंड बंद नव्हतं.

"ओढ की! थांबलास का? म्हण की, 'प्रिये, मला मुक्त कर'!"

"तू हात सैल सोड आधी!"

"सोडलाय! दवाखान्यात दात काढतानासुद्धा आधी सुई देतात रे! तुमच्या कंपनीत काय देतात?"

"हे काय जादूचं आहे का? घातलं कसं होतंस मग?"

"घातलं तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं. भांडी घासून हात असा झालाय!"

मनगट लालबुंद होऊन टम्म सुजलं. मुलगा घाम पुसत मागे सरला. त्यालाही आता वाईट वाटू लागलं होतं, पण मागे फिरायची लाज वाटत होती. आणि लाजेपोटी माणूस जास्तच खुळचटपणा करतो. "असू दे," तो म्हणाला. "उद्या सोनाराकडे जाऊ. तो कापून काढेल."

"कापून?" बाबा म्हणाले.

दोघांनीही वळून पाहिलं. बाबा दारातच उभे होते. पायांत चपला तशाच, छत्री बगलेत, आणि त्यांचा चेहरा असा काही झाला होता की मुलानं झटकन साबण खाली ठेवला.

"कुणी कापायचं नाही. ते पत्र खोटं आहे."

"खोटं कसं असेल? हा बघा शिक्का."

"शिक्का!" बाबांचा आवाज चिरका निघाला, पण निघाला. "अरे, जन्मभर शिक्केच पाहिले मी. दांडी मारणाऱ्या प्रत्येक तराजूवर शिक्का असतो. शिक्का मारला म्हणजे माप खरं होत नाही! त्या बाईनं असलं काही लिहिलेलं नाही. ती असं लिहिणार नाही. तिला... तिला लाज वाटतेय त्या सहाव्या भागाची. ती रात्रंदिवस पस्तावतेय. आणि त्या गुलाबी कागदाबद्दल तिच्या अंगाचा तिळपापड झालाय!"

"तुम्हाला काय माहीत?" सूनबाईनं विचारलं.

बाबांनी छत्री भिंतीला टेकवली. ती पडली. त्यांनी ती उचलली, पुन्हा टेकवली, ती पुन्हा पडली. मग तिचा नाद सोडून ते म्हणाले, "कारण ती बया मी आहे."

मग मुलगा खो खो हसत सुटला.

"तुम्ही? बाबा, आईला 'चहा कर' म्हणतानासुद्धा तुम्हाला घाम फुटायचा! तुम्ही राजपुत्राला 'प्रिये' म्हणायला लावणार?"

बाबांनी वाद घातला नाही. खोलीत जाऊन त्यांनी 'दुधाची मापे : एक विचार' आणली आणि जेवणाच्या टेबलावर उपडी केली. दुधाच्या मापांतून राजपुत्र बाहेर पडला. विहीर पडली, भुतं पडली, प्रकाशकाच्या लाल पेनानं घुसडलेलं त्यागाचं तेज पडलं. आणि सगळ्यांत शेवटी, तिकिटासकट, एक ओळखीचं पाकीट पडलं.

सूनबाईनं आपलं पत्र उचललं. एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. बाबांना वाटलं, आता दात गेले.

"म्हणजे माझ्यासमोर बसून," ती एकेक शब्द तोलत म्हणाली, "माझ्याच हातचा चहा पीत, मी त्या बयेला शिव्या देत होते, आणि तुम्ही 'बिचारी' म्हणत होतात?"

"मला खरंच तिची कीव यायची."

"आणि ही धूळ! या मापांवरची धूळ मी पुसत होते!" मग एकाएकी तिचे डोळे विस्फारले. "थांबा. थांबा बाबा. ते धबधब्यामागचं प्रकरण... तेही...?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. "प्रकाशकांचा फार आग्रह होता."

"अगं आई गं! मी ते पुन्हा पुन्हा वाचलं हो! दवाखान्यात बायकांना मोठ्यानं वाचून दाखवलं!" ती मागे वळून फ्रिजकडे तोंड करून उभी राहिली. बाबा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. सासऱ्यानं आणि सुनेनं एकमेकांकडे न पाहता किती वेळ उभं राहावं याचा काही नियम नसल्यामुळे दोघंही तसेच राहिले.

"कुठलं प्रकरण?" मुलानं विचारलं. "कितव्या भागात?"

"तू गप रे!" दोघं एकदम म्हणाले.

शेवटी सूनबाईच भानावर आली. सुजलेला हात कमरेवर ठेवून ती म्हणाली, "ते जाऊ दे. मी प्रश्न विचारलाय. कंकण काढलंच कसं?"

"सूनबाई, मी काय म्हणतो, चूक माझी..."

"तोंडी नको! तोंडी तुम्ही कसे बोलता ते मला माहितेय. अर्ध्यातच 'बरं' म्हणाल. मी रीतसर पत्र लिहिलं होतं. मला रीतसर उत्तर हवं. लिहून, पाकिटात घालून, टपालानं."

"या पत्त्यावर?"

"दुसरा कुठला आहे माझा?"

"हे बरोबर नाही!" आता मुलगा उसळला. "हा शुद्ध पक्षपात आहे! निकाल देणारा घरातलाच? आधी सांगितलं असतंत तर मी शब्दच घेतला नसता. आणि थांबा जरा. तो राजपुत्र. सतत नवनवे बेत करतो, एकही तडीस नेत नाही, आणि तीनशे वर्षं आहे तिथेच. हा तुम्ही कुणावरून काढलात?"

बाबा काही बोलले नाहीत.

"मौन म्हणजे संमती," सूनबाई म्हणाली आणि सुजलेल्या मनगटावर ओला कपडा गुंडाळू लागली.

मुलगा पाय आपटत आत गेला. जाताना मात्र पहिल्यापासूनचे सगळे भाग काखोटीला मारून गेला. आपली बदनामी नेमकी कुठे कुठे झाली आहे, ते त्याला पाहायचं होतं.

पत्र लिहिणं ही सोपी गोष्ट नव्हती. राजपुत्राचं प्रेमपत्र बाबा एका बैठकीत लिहीत, हे जमेना. पहिल्या मसुद्यात इतक्या क्षमा मागून झाल्या की उत्तर द्यायचंच राहिलं. दुसऱ्यात सगळा दोष प्रकाशकावर गेला, तेव्हा त्यांना स्वतःचीच लाज वाटली. मधेच त्यांनी उठून प्रकाशकाला फोन लावला.

"सातव्या भागात ती कंकण परत घेणार आहे," ते म्हणाले.

"कुमारी, डोकं ठिकाणावर आहे ना? मग राजपुत्र जिवंत कसा राहील?"

"नाही राहणार. जाईल परत आरशात."

"लोक पुस्तकं जाळतील!"

"संताप म्हणजे खप, असं तुम्हीच म्हणालात."

पलीकडे कॅल्क्युलेटरची बटणं वाजली. मग प्रकाशक दबक्या आवाजात म्हणाला, "बरं." हा शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला बाबांना फारच गोड वाटला.

मग टेबलावर, दिवसाउजेडी, आपल्याच अक्षरात त्यांनी उत्तर लिहिलं : 'काढायला नको होतं. तिनं स्वतः काढलं नाही, मी काढायला लावलं. ते कंकण मी कुठल्या पोथीत वाचलेलं नाही. रोज स्वयंपाकघरातून त्याचा आवाज येतो, तो ऐकून लिहिलं. आपलं कडं आपण हातातच ठेवावं. कुणी काहीही म्हणो.' खाली सही करताना ते अडले. कुमारी लिहावं तर खोटं, खरं नाव लिहावं तर विचित्र. शेवटी त्यांनी लिहिलं, 'आपलीच, बया.'

सूज उतरेपर्यंत सूनबाईला दवाखान्यात हलकी कामं दिली होती, ती उरकायला ती रविवारीही थोडा वेळ गेली होती. बाबा पत्र घेऊन कोपऱ्यावरच्या टपालपेटीकडे निघाले. पेटीपाशी पोचल्यावर त्यांना शंका आली, 'कुणी काहीही म्हणो' जरा जास्त झालं का? पाकीट फोडून ते वाक्य सौम्य करावं का? ते पाकिटाची कड नखानं उचकटून पाहत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी धापा टाकत आलं.

मुलगा होता. डोळे तारवटलेले, दाढी वाढलेली. काल रात्रीपासून तो खोलीबाहेर आला नव्हता. त्याच्या हातात एक जाडजूड पाकीट होतं.

"बाबा, जादा तिकीट आहे का तुमच्याकडे?"

"अरे, ते मशीन? आज रविवार."

"गेलं ते दुसऱ्या कुणाकडे. मशीनचं सोडा हो!" त्यानं पाकीट हवेत नाचवलं. "तुम्ही फोनवर बोललात ते मी ऐकलंय. राजपुत्राला परत आरशात घालताय? अहो, काय केलंय त्यानं? पाचव्या भागात तो तिच्यासाठी आगीत उडी घेतो, ते कसं विसरलात? त्याचे बेत फसतात, पण मन तर साफ आहे ना त्याचं? कंकण तिला द्या, माझं काही म्हणणं नाही. पण त्याला एक तरी संधी द्याल की नाही? संतापानं लिहिलंय मी. आठ पानं झालीयत."

"अरे, मग बोल की. मी समोरच उभा आहे."

"तुमच्याशी बोलून काय उपयोग? तुम्ही 'बरं' म्हणाल आणि गप्प बसाल. मी कुमारींना लिहिलंय. मला लेखी उत्तर पाहिजे."

बाबांनी खिशातून तिकीट काढलं आणि मुलाच्या हातात ठेवलं. त्यानं ते जिभेला लावून रागारागानं चिकटवलं आणि पाकीट पेटीच्या तोंडाशी नेलं. मग हात मागे घेतला.

"आधी तुमचं टाका," तो म्हणाला. "तिचं पत्र जुनं आहे."

बाबांनी पाकिटाची उचकटलेली कड अंगठ्यानं दाबून बसवली आणि पत्र आत सोडून दिलं.